जोतिबाला का गेला नाहीत?

प्रश्न : माझं वय 54. करवीर तालुक्यात आमचं घर. अकरा वर्षांच्या नातीला गर्भाशयाच्या कॅन्सरची लस द्यायची म्हणून सून हटून बसलीय. एवढ्याशा पोरीला असली लस कशाला? भावकीत कळलं तर काय म्हणतील? आमच्या घराण्यात हा रोग कुणाला झालेला नाही. वाद घालायची ताकद नाही मला. पाळी जाऊन चार वर्षं झाली तरी मध्येच डाग लागतो, त्यामुळं यंदा चैत्रात जोतिबालाही गेले नाही. सुनेला कसं समजावू?

उत्तर : आक्का, सुनेला काही समजावू नका, तिचंच बरोबर आहे. ही लस गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो, घराण्यामुळं नव्हे. विषाणूशी गाठ पडायच्या आधी लस घ्यायची, म्हणून तर 9 ते 14 हे वय. नातीचा विषय संपला.

आता तुमचं बोलू. चार वर्षांनी डाग लागतोय आणि तुम्ही तो यात्रा चुकल्याच्या हळहळीत एका ओळीत उरकता? देवाच्या दारात जायला डाग आडवा आला, मग डॉक्टरच्या दारात का नाही नेला? राग आलाय मला. पाळी थांबून वर्ष उलटलं की नंतरचा एक थेंबसुद्धा दाखवायचा असतो. दरवेळी कॅन्सरच निघतो असं नाही, आतल्या कोरडेपणानंही रक्त जातं. पण ते घरात बसून कसं कळणार? आणि ‘दुखत तर नाही’ म्हणू नका. सुरुवातीला हा रोग दुखत नाही, आणि बरा होण्याची खरी संधी तेव्हाच असते.

‘आमच्यात बायका असलं तपासत नाहीत’ हेही नको. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत लाखावर बायकांना घेऊन अभ्यास केला, 2009 साली तो छापून आला. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी झाली, तीही एकदाच, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. शेतात राबणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्याच बायका त्या.

येत्या सोमवारी सकाळी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढा, स्त्रीरोग विभागात. त्या दिवशी डाग असला तरी जायचं. आत गेल्यावर कंबर, गुडघे, बीपी नंतर. पहिलं वाक्य हेच : ‘पाळी जाऊन चार वर्षं झाली, तरी डाग लागतोय.’ सोबत सुनेला न्या. तुमची जीभ अडखळली तर ती बोलेल, हटून बसता येतं तिला.