स्पॅनिश राजकारणाचे शब्द: यादी बाजूला ठेवा, एक निवडणूक वाचा

प्रश्न: मी पुण्यात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्पॅनिशची डेले बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. पुढे बातम्यांचं भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांत काम करायची इच्छा आहे. राजकारणाचे सहाशे शब्द इंग्रजी अर्थांसह पाठ केले, तरी ‘एल पाईस’ या स्पॅनिश दैनिकातली बातमी वाचताना अडखळते. काय चुकतंय?

उत्तर: मेहनतीत काही कमी नाही, पण तुम्ही इंग्रजीच्या वाटेने जाताय आणि तिथेच फसगत होते. ‘कोलेहिओ एलेक्तोराल’ पाहून अमेरिकेतलं इलेक्टोरल कॉलेज आठवतं. स्पेनच्या बातमीत त्याचा अर्थ साधारणपणे मतदान केंद्र असतो. ‘मितिन’ म्हणजे प्रचारसभा. कार्यालयातल्या बैठकीला ‘रेउनिओन’ म्हणतात. ‘दिपुतादो’ हा कुणाचा उप नसतो, तो लोकप्रतिनिधी असतो. ‘पोलितिका’ म्हणजे राजकारण आणि धोरणही. ‘पोलितिका फिस्काल’ असं दिसलं की राजकोषीय धोरण. सर्वांत महागात पडतो ‘बियोन’: स्पॅनिशमध्ये तो एक लाख कोटी. अब्जासाठी ‘मिल मियोनेस’ लिहितात. अर्थसंकल्पाच्या बातमीत हा घोळ झाला की आकडा हजारपटीने चुकतो.

दुसरी अडचण देशांची. ‘प्रेसिदेन्ते’ मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष. स्पेनमध्ये राष्ट्रप्रमुख राजा आहे आणि ‘प्रेसिदेन्ते देल गोबिएर्नो’ म्हणजे पंतप्रधान. प्रादेशिक सरकारांचे प्रमुख आणि संसदेचे सभापतीही ‘प्रेसिदेन्ते’च. म्हणून त्या शब्दापाशी थांबू नका, त्याच्या पुढचा शब्द वाचा. महापौर स्पेनमध्ये ‘आल्काल्दे’, मेक्सिकोत ‘प्रेसिदेन्ते मुनिसिपाल’, अर्जेंटिनात ‘इन्तेन्देन्ते’. मतपत्रिका स्पेनमध्ये ‘पापेलेता’, मेक्सिकोत ‘बोलेता’. राजीनामा देणं स्पेनमध्ये बहुधा ‘दिमितीर’, लॅटिन अमेरिकेत ‘रेनुन्सिआर’. पक्ष बदलणारा स्पेनमध्ये ‘त्रान्सफुगा’, तर मेक्सिकोत बोलीभाषेत ‘चापुलीन’, म्हणजे नाकतोडा. स्तंभलेखात त्याला खुशाल आयाराम-गयाराम म्हणा. सरकारी अहवालाच्या भाषांतरात मात्र ‘पक्षांतर केलेला सदस्य’ एवढंच.

तेव्हा पहिले तीन महिने एकच देश धरा. माझ्या मते स्पेन आणि त्यातही २०२३ची निवडणूक, कारण तिच्यात जवळजवळ सगळी संसदीय शब्दसंपत्ती ओळीने येते. २८ मे रोजी स्थानिक व प्रादेशिक निवडणुका झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान पेद्रो सांचेस यांनी मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली: ‘आदेलान्तार लास एलेक्सिओनेस’. २३ जुलैला मतदान झालं. ३५० जागांच्या सभागृहात बहुमताचा आकडा १७६, पण तो कुणालाच गाठता आला नाही. इथे ‘एस्कान्यो’ (जागा) आणि ‘पाक्तार’ (युती-तडजोड करणं) हे शब्द रोज भेटतात. सप्टेंबरमध्ये विरोधी पक्षनेते फेइहो यांची ‘इन्वेस्तिदुरा’ १७२ विरुद्ध १७८ मतांनी अडली. १६ नोव्हेंबरला सांचेस १७९ विरुद्ध १७१ मतांनी पंतप्रधानपदी निवडून आले.

‘इन्वेस्तिदुरा’चं भाषांतर शपथविधी करू नका, ते पंतप्रधानपदासाठी सभागृहातलं मतदान आहे. पहिल्या फेरीत १७६ मतं लागतात, ४८ तासांनी होणाऱ्या दुसऱ्या फेरीत विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त असली की पुरे. त्यामुळे दुसऱ्या फेरीतली ‘आब्स्तेन्सिओन’, म्हणजे तटस्थता, उमेदवाराला मदत ठरू शकते. एवढं कळलं की बातमीतली निम्मी घासाघीस उलगडते. तसंच ‘मोसिओन दे सेन्सुरा’ हा अविश्वास ठराव खरा, पण स्पेनमध्ये त्यात पर्यायी उमेदवाराचं नाव द्यावंच लागतं. म्हणूनच १ जून २०१८ला ठराव मंजूर होताच पंतप्रधान राखॉय गेले आणि सांचेस आले.

आठवड्याला दोनच बातम्या घ्या. प्रत्येक बातमी दोनदा वाचा: आधी शब्दकोशाशिवाय, मग शब्दकोशासह. सुटे शब्द टिपू नका, क्रियापदासह तुकडे टिपा: ‘कोन्बोकार एलेक्सिओनेस’ (निवडणूक जाहीर करणं), ‘देरोगार उना लेय’ (कायदा रद्द करणं), ‘बोतार एन कोन्त्रा’ (विरोधात मत देणं). आठवड्याला चौदा तुकडे भरपूर झाले. कार्डावर मराठी अर्थ आणि देशाचं नाव लिहा, इंग्रजी नको. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला विश्वासदर्शक ठराव किंवा पोटनिवडणूक समजावून सांगावी लागत नाही. ती समज थेट वापरा. शनिवारी कार्डं मिटून त्याच बातमीचा दीडशे शब्दांत स्पॅनिश सारांश लिहा. जिथे क्रियापद किंवा शब्दयोगी अव्यय सुचत नाही, तो तुकडा पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या. कानासाठी स्पॅनिश संसदेच्या चर्चेची तीन मिनिटं ऐका आणि ‘दिआरिओ दे सेसिओनेस’ या अधिकृत शब्दशः नोंदीशी ताडून पाहा. दोन्ही विनामूल्य मिळतं. चौथ्या महिन्यापासून मेक्सिको.

करिअरबद्दल स्पष्ट सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांत स्पॅनिश ही सहा अधिकृत भाषांपैकी एक, म्हणून अनेक विद्यार्थी तिकडे डोळे लावतात. पण तिथले भाषांतरकार मुख्यतः आपल्या प्रमुख भाषेत भाषांतर करतात; स्पॅनिश ही तुमची शिकलेली भाषा आहे. त्यापेक्षा स्पॅनिशमधून इंग्रजी-मराठीत भाषांतर, वृत्तविश्लेषण, संशोधन संस्था ही वाट जवळची. व्यावसायिक कामासाठी सी१ ही प्रगत पातळी धरून चला. एम.ए.साठी दिल्लीतील जेएनयू आणि हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाची प्रवेश माहिती याच वर्षी पाहून ठेवा. अर्जासोबत जोडायला दहा बातम्यांची स्वतः केलेली भाषांतरं, मूळ मजकुरासह, आतापासून जमवा.