एच-इंडेक्स ४१ की १३? लेकीने मार्गदर्शक कसा निवडावा

प्रश्न : ताई, माझी मुलगी एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) झाली आहे. आता नवजात बाळांच्या आरोग्यावर पीएचडी करायची म्हणते. दोन ठिकाणी प्रवेश मिळण्यासारखा आहे. एका सरांचा एच-इंडेक्स ४१ आहे आणि सायटेशन नऊ हजारांच्या वर. दुसरीकडे ज्या मॅडम आहेत त्यांचा १३, सायटेशन सातशेच्या आसपास. घरातले सगळे म्हणतात, सरांकडेच जा. मुलीचा ओढा मॅडमकडे आहे. मी शाळेत शिकवते, मला यातलं काही कळत नाही. या आकड्यांवर किती विसंबावं?
— एक आई, परभणी

उत्तर : नमस्कार. आकडे जे मोजतात तेवढ्यापुरतं विसंबायला हरकत नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्यभर नोकरी केली. बढतीच्या वेळी प्राध्यापकांची सायटेशन काढून देणं हे माझंच काम असायचं. त्यामुळे आधी माझं मत सांगून टाकते: तुमच्या मुलीचा ओढा मला चुकीचा वाटत नाही. फक्त तिने तो नीट तपासून घ्यावा.

एका शोधनिबंधाच्या संदर्भयादीत दुसऱ्या निबंधाचं नाव आलं, की त्या दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. एच-इंडेक्स हा त्यावरून काढलेला आकडा. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो सुचवला. मॅडमचा १३ म्हणजे त्यांचे १३ निबंध असे आहेत की प्रत्येकाचा किमान १३ वेळा संदर्भ दिला गेला आहे. त्यातल्या एखाद्याचा चारशे वेळा दिला गेला असला तरी आकडा १३च राहतो. शिवाय हा आकडा वाढतो, कमी कधीच होत नाही. सर निवृत्तीला आलेले असतील आणि मॅडम चाळिशीच्या, तर निम्मा फरक तिथेच आला.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत मी वारंवार पाहिली आहे. लग्नाआधीचे निबंध माहेरच्या आडनावाने आणि नंतरचे सासरच्या, असे दोन भाग होतात. संगणक त्यांना दोन वेगळ्या व्यक्ती समजतो आणि दोघींचा एच-इंडेक्स छोटा दिसतो. उलट ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. देशमुख’ अशा नावाखाली चार जणांचं काम एकाच्या खात्यात जमा झालेलंही मी पाहिलं आहे. म्हणून मॅडमचं ऑर्किड खातं आहे का ते मुलीने बघावं. संशोधकाला मिळणारा हा सोळा आकडी क्रमांक असतो, २०१२ पासून आहे, फुकट मिळतो आणि आडनाव बदललं तरी तोच राहतो. तिथे मॅडमची यादी पूर्ण असेल तर १३ हा आकडा खरा आहे की अर्धा, ते लगेच कळेल. आकडा कुठून घेतला हेही विचारा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि अहवालसुद्धा धरतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नल्सच्या सूचींपेक्षा बहुधा मोठा असतो. सरांचा एकीकडचा आणि मॅडमचा दुसरीकडचा, अशी तुलना करू नका.

सरांच्या नऊ हजारांचंही असंच बघावं लागेल. जगभरातल्या रोगांच्या भाराचा अंदाज मांडणाऱ्या मोठ्या निबंधांवर शेकडो लेखकांची नावं असतात आणि त्यांना हजारो सायटेशन मिळतात. त्यातल्या प्रत्येक लेखकाच्या खात्यात ती सगळी जमा होतात. तिथलं काम खोटं असतं असं मुळीच नाही, ते फार मोलाचं असतं. पण त्यातलं सरांचं किती, हे आकडा सांगत नाही. आरोग्य संशोधनात पहिलं नाव साधारणपणे ज्याने प्रत्यक्ष राबून काम केलं त्याचं असतं आणि शेवटचं ज्याने ते उभं केलं त्याचं. सरांच्या गेल्या काही वर्षांतल्या निबंधांत पहिलं नाव त्यांच्या विद्यार्थ्यांचं आणि शेवटचं सरांचं असेल, तर तो उत्तम मार्गदर्शक. विद्यार्थ्यांची नावं कुठेतरी मध्येच विरून जात असतील, तर ४१ आकडा तुमच्या मुलीच्या काही कामाचा नाही.

तिचा विषय नवजात बाळांचा आहे, म्हणून आपल्याच गडचिरोलीचं उदाहरण देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतून १९८९ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये एक निबंध आला. पहिलं नाव राणीताईंचं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यांनी केली होती. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर जगाच्या आरोग्य कार्यक्रमात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. तिला पाळी, पांढरं जाणं, ओटीपोटाचं दुखणं असतं आणि ती ते मुकाट्याने सोसते, हे दोन गावांच्या आकड्यांनी मांडलं.

त्यानंतर १९९९ चा निबंध, तोही लॅन्सेटमधला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच आरोग्यसेविकांना नवजात बाळाची काळजी शिकवली होती: वजन घेणं, ऊब देणं, स्तनपानाला मदत, आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं. तुलनेला ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. संसर्ग झालेल्या बाळांपैकी उपचाराआधी १६.६ टक्के दगावत होती, नंतर २.८ टक्के. डॉक्टर नसलेल्या बाईने बाळाला सुई टोचायची, या कल्पनेलाच तेव्हा अनेकांचा विरोध होता.

मुलीने गूगल स्कॉलरवर या निबंधाचं नाव शोधावं आणि ‘साइटेड बाय’वर टिचकी मारावी. यादी लांब आहे. तिने संख्येकडे न बघता कोण, कशासाठी हे वाचत जावं. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये याच धर्तीवर, पण चिठ्ठ्या टाकून गावं वाटून, प्रयोग झाले. दोन्ही २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आले, आणि नवजात मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ५४ टक्क्यांनी घटल्याचं त्यांत आहे. काही जणांनी गडचिरोलीचा संदर्भ आक्षेप घेण्यासाठी दिला आहे, कारण तिथल्या गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. असे आक्षेपही त्याच संख्येत मोजले जातात. माझ्या मते ते मोलाचे आहेत, कारण पुढचे प्रयोग अधिक काटेकोर झाले.

पण जे मोजलंच जात नाही ते याहून मोठं आहे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळाच्या घरी जाऊन भेट देण्याची शिफारस केली. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर आणला. आज आशाताई बाळाचा काटा आणि थर्मामीटर घेऊन दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा वेळा आणि घरी जन्मलेल्याकडे सात वेळा येतात, बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत. परभणीत तुमच्या गल्लीतही येत असतील. त्यांच्या नोंदवहीतून कुणाच्या एच-इंडेक्समध्ये एकानेही भर पडत नाही. निबंधाचा समाजावर किती परिणाम झाला असं कुणी विचारलं, तर मी आधी आशाताईंची ती वही पुढे ठेवीन.

उलट बाजूही मुलीला माहीत हवी. अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचा १९९८ चा लॅन्सेटमधला निबंध फक्त १२ मुलांवर होता. गोवराच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध असल्याचा संशय त्याने पसरवला. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. त्याला हजाराहून अधिक सायटेशन आहेत, त्यातली पुष्कळशी तो खोडून काढणाऱ्यांची. आकडा मात्र भक्कम दिसतो.

आणि कधीकधी आकडा फार उशिरा येतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एकट्याच्या नावाने लेख लिहिला. कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेला द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी ओढतो, म्हणजे जंतू विष सोडतात, हे त्यांनी दाखवलं. सुरुवातीची वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. मी नोकरीला नुकती लागले होते तेव्हा ग्रंथालयात ‘करंट कंटेंट्स’ नावाचं साप्ताहिक यायचं. सायटेशन मोजण्याची पद्धत ज्यांनी उभी केली ते युजीन गारफिल्ड त्यात लेख लिहायचे. १९८६ मध्ये त्यांनी डे यांच्या कामावर लिहिलं. डे आदल्याच वर्षी गेले होते, आणि भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलेलं नव्हतं. आज कॉलऱ्याचं कोणतंही पाठ्यपुस्तक त्यांच्या शोधाशिवाय पुढे सरकत नाही. पहिली पाच वर्षं मोजून कुणी त्यांना नोकरीवर ठेवायचं की नाही ते ठरवलं असतं, तर?

म्हणून मुलीने दोघांचेही तीन-तीन निबंध पूर्ण वाचावेत: ज्याला सर्वांत जास्त सायटेशन आहेत तो, सर्वांत अलीकडचा, आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं असलेला एक. मग दोघांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोलावं. प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाले, निबंधात नाव कुठे आलं, गावात किंवा वॉर्डात स्वतः मार्गदर्शक येतात का, हे स्पष्ट विचारावं. मॅडम येत असतील आणि सर येत नसतील, तर नवजात बाळांच्या विषयात मी तरी मॅडमकडे जाईन. सर येत असतील आणि त्यांचे विद्यार्थी समाधानी असतील, तर त्यांचा ४१ ही तिच्यासाठी मोठी संधी आहे. परदेशातले सहकारी, निधी, माहितीचे साठे सगळं तिला मिळेल. घरच्यांना एवढंच सांगा की निर्णय निबंध वाचल्यावर होईल.

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. एका जर्नलचा ईमेल आला आहे. साडेतीन हजार रुपये भरले की चार दिवसांत निबंध छापतो, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, यूजीसी केअर यादीत नाव, आयएसएसएन क्रमांक आहे, असं लिहिलं आहे. बढतीची मुदत जवळ आली आहे. पाठवू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाठवू नका. दुसऱ्या तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणं, त्यांच्या सूचना, तुमच्या दुरुस्त्या, हे चार दिवसांत होत नाही. म्हणजे तपासणी होणारच नाही. आयएसएसएन हा फक्त नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. यूजीसीने मान्य जर्नल्सची ही केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या निबंधांची संख्या. मिळत्याजुळत्या नावाचे आकडे विकणारे बरेच आहेत, ७.८ त्यातलाच असणार. पैसे घेतात म्हणून प्रत्येक जर्नल लबाड नसतं. सर्वांना मोफत वाचायला देणारी चांगली जर्नल्सही लेखकाकडून शुल्क घेतात. फरक तपासणीत असतो.

तुमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना सांगा, जर्नलचं नाव अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये घालून ते सध्या मेडलाइनमध्ये, म्हणजे तिथल्या निवडक वैद्यकीय जर्नल्सच्या सूचीत, आहे का बघून द्या म्हणावं. पाच मिनिटांचं काम आहे, त्यांनी ते आनंदाने करावं. तुमच्या वॉर्डातून गोळा केलेली माहिती एकदा अशा ठिकाणी छापली गेली की चांगलं जर्नल ती पुन्हा घेत नाही. आणि निबंध आधीच पाठवून झाला असेल, तर पैसे भरण्याआधी आजच लेखी कळवून तो मागे घ्या.