वाचकांचे प्रश्न : छायाचित्रावरून जलरंग

प्रश्न : मी अनेक वर्षे हौसेने गोदाघाटाची छायाचित्रे काढतो. यंदा जलरंग शिकायला घेतले आणि माझीच छायाचित्रे समोर ठेवून रंगवू लागलो. परंतु रंग मळतात, सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि कागद फुगतो. छायाचित्रावरून रंगवणेच चुकीचे आहे का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : चुकीचे नाही, मात्र छायाचित्र जसेच्या तसे उतरवू नये. कागदाची तक्रार किरकोळ आहे. 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने बोर्डाला पक्क्या करा.

सावल्यांचे कारण कॅमेऱ्यात आहे. आकाश नीट यावे म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, कमी ठेवले की नारोशंकराच्या मंदिराची सावलीतली बाजू छायाचित्रात काळी पडते. प्रत्यक्षात तिथे पाण्यावरून आणि फरसबंदीवरून परतलेला उजेड असतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. म्हणून त्याच जागेवरून एक छायाचित्र दोन स्टॉप वाढवून, म्हणजे चौपट उजेड देऊन, घ्या आणि सावलीचे रंग त्यात शोधा. दगडासाठी तयार काळा रंग वापरू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत मिसळू द्या. उन्हाकडच्या कडेला सिएना जास्त, आत निळा जास्त, एवढ्यानेच दगड जिवंत होतो.

आपल्याला खरी अडचण येईल ती पांढऱ्याची. ‘हायलाइट उडाला’, म्हणजे सर्वांत उजळ भाग तपशील हरवून कोरा पांढरा झाला, की छायाचित्रकार हळहळतो, पण पारदर्शक जलरंगात कोरा कागद हाच पांढरा रंग असतो आणि एकदा गेला की तो सहसा पूर्णपणे परत मिळत नाही. त्यामुळे पाण्यावरची चकाकी किंवा वाळत घातलेले धोतर कुठे कोरे सोडायचे, हे ब्रश ओला करण्यापूर्वी ठरवावे लागते. त्यासाठी छायाचित्र कृष्णधवल करून पाहा, तळहाताएवढ्या कागदावर पेन्सिलीने उजेड, मधली छटा आणि गडद असे तीनच भाग पाडा, मग फोन बाजूला ठेवून त्या रेखाटनावरूनच रंगवा. विजेच्या तारा आणि छत्र्यांची गर्दी तिथेच गळून पडते. मंदिराच्या पायथ्याशी उभे राहून फोन वर रोखला असेल, तर आत कललेले शिखरही याच टप्प्यावर सरळ करून घ्या.

रंग मळतात ते बहुधा अर्धवट वाळलेल्या वॉशवर (पाणीदार रंगाच्या पातळ थरावर) पुन्हा ब्रश फिरवल्यामुळे. कागद चकाकत असेपर्यंत रंग सोडता येतो. चकाकी गेली की पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये, कारण त्या वेळी पडलेले पाणी आधीचा रंग ढकलून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटवते. नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी ही मुदत पाहता पाहता संपते, श्रावणात मात्र कागद वाळता वाळत नाही. शिवाय जलरंग वाळल्यावर फिका होतो, तेव्हा पहिलाच हात थोडा गडद द्यावा. घाबरत दिलेल्या फिक्या थरांवर थर चढवत गेल्यानेही चित्र मळते.

चोवीस ट्यूबांची पेटी, निदान पहिल्या वर्षी तरी, घेऊ नये. वरील दोन रंग, यलो ऑकर, एक लिंबू पिवळा आणि एक लाल, सोबत 8 आणि 12 क्रमांकाचे गोल ब्रश, एवढ्यात घाटाचे काम भागते.