चष्म्यातला मणका आणि हाताखालचा मणका

प्रश्न : वडिलांच्या कमरेच्या मणक्यात स्क्रू बसवायचे आहेत. डॉक्टर ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा चष्मा लावणार आहेत. म्हणाले, ‘आतलं हाड दिसतं.’ चष्म्याने चुकीचं दाखवलं तर?

उत्तर : दाखवू शकतो. मी स्वतः तो वापरतो, म्हणून सांगतो.

चष्म्यातून शरीराच्या आरपार दिसत नाही. दिसतं ते सीटी स्कॅनवरून बनवलेलं मणक्याचं चित्र, खऱ्या मणक्यावर बरोब्बर बसवलेलं. त्यासाठी जवळच्या हाडाला एक छोटा क्लॅम्प लावतात आणि त्यावरच्या खुणा पाहून कॅमेरा सगळा हिशेब करतो. क्लॅम्प हलला, की हिशेब चुकला. एकदा माझ्या सहायकाचं कोपर त्याला ओझरतं लागलं. चित्र तसंच सुबक, यंत्राची काही कुरकुर नाही. मी सवयीने सळईचं टोक मणक्याच्या मागच्या उंचवट्यावर टेकवलं. हाताला हाड लागत होतं, चित्रात मात्र टोक हाडापासून ३ मिलिमीटर वर, हवेत! पुन्हा स्कॅन, पुन्हा जुळवणी; वीस मिनिटं गेली. स्क्रू जिथून जातो त्या हाडाच्या दांड्याला लागूनच नसा असतात. तिथे ३ मिलिमीटर म्हणजे फार झाले.

मग वापरायचा कशाला? साध्या नॅव्हिगेशनमध्ये, म्हणजे चष्म्याशिवाय स्कॅनच्या चित्रावरून वाट दाखवणाऱ्या पद्धतीत, चित्र बाजूच्या मॉनिटरवर असतं. हात इथे, नजर तिथे. चष्म्यामुळे नजर जखमेवरच राहते. अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मणक्यासाठी असा चष्मा २०१९च्या डिसेंबरमध्ये मंजूर केला आणि २०२०च्या जूनमध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो लावून एका रुग्णाला सहा स्क्रू बसवले गेले. मणका हाडाचा, आकार बदलत नाही, हे आमचं नशीब. मेंदूवाल्यांचं तसं नाही. कवटी उघडून आतलं पाणी निघालं की मेंदू खाली बसतो आणि आधीचं चित्र शिळं होतं.

दुसरा धोका आमच्या डोक्यातला. चित्रात रमलं की त्याखाली साचणारं रक्त नजरेतून सुटतं. स्क्रूची दिशा ठरली की मी चित्र बंद करतो.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना एवढंच विचारा : ‘मध्येच चष्मा बंद पडला तर पुढचे स्क्रू कसे बसवाल?’ ‘सी-आर्मच्या (टेबलाशेजारी फिरवता येणाऱ्या यंत्राच्या) एक्स-रेवर, पूर्वी बसवायचो तसे,’ असं ते न अडखळता म्हणाले, तर मी माझ्या वडिलांनाही त्यांच्या टेबलावर झोपवीन.