मराठी माध्यमाच्या सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी कोणतं ॲप किंवा सॉफ्टवेअर घ्यावं?

जिल्हा परिषदेच्या शाळेवर नुकतेच रुजू झालात, वर्गात स्मार्ट टीव्ही आहे आणि ग्रामपंचायत सॉफ्टवेअरचे पैसे द्यायला तयार आहे, एवढं तुम्ही लिहिलंय. घेऊ नका. पालकांच्या फोनवर व्हॉट्सॲप आहे ना? त्यातलं माइकचं बटण वापरा. मी बीड जिल्ह्यात १९ वर्षं इंग्रजी शिकवतेय.

२०२० च्या दसऱ्यानंतर आमच्या वर्गातली निम्मी मुलं नेहमीप्रमाणे आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. शाळा मार्चपासून बंदच होत्या, त्यामुळे या वर्षी मुलं गेली काय अन् राहिली काय, सारखंच, अशी सगळ्यांची समजूत. मी वर्गाच्या गटावर रोज संध्याकाळी इंग्रजीत एक प्रश्न बोलून टाकायचे. 'व्हॉट डू यू सी नाऊ?' एवढाच. उत्तरही बोलूनच द्यायचं, लिहायचं नाही. आठ दिवस कुणी तोंड उघडलं नाही. गटात सगळे ऐकतात म्हणून मुलं लाजत होती. मग सांगितलं, गटावर नको, माझ्या नंबरवर पाठवा.

सहावीतल्या एका मुलीचा पहिला निरोप सांगलीकडच्या उसाच्या फडावरून आला, रात्री पावणेदहाला. २७ सेकंदांचा. 'गुड नाइट, मॅडम. माय फादर कट शुगरकेन. माय मदर टाय शुगरकेन.' मग बराच वेळ नुसतं कोपीवरचं, म्हणजे त्यांच्या झोपडीवरचं, प्लॅस्टिक वाऱ्यानं फडफडतंय आणि धाकटा भाऊ रडतोय. शेवटी अगदी हळू, 'आय कॅरी वॉटर.' टोळी पहाटे तीनला उठते, कुणाची झोप मोडू नये म्हणून ती गोधडीत तोंड घालून बोलत होती. हे तिनं नंतर सांगितलं.

यात चुका कोणत्या ते तुम्हाला सांगायला नको. मी एकही दाखवली नाही. लगेच बोलून पाठवलं, 'गुड ईव्हनिंग! सो युअर फादर कट्स शुगरकेन, युअर मदर टाइज इट, अँड यू कॅरी वॉटर. हू कुक्स?' दुसऱ्या रात्री उत्तर आलं, 'गुड ईव्हनिंग, मॅडम. आय कुक्स.' सहावीतली पोर टोळीवर स्वयंपाक करते हे ऐकून पोटात तुटलं, आणि त्याच वेळी आनंदही झाला. 'कुक्स' तिनं माझ्या तोंडून उचलला होता. चुकीच्या जागी का होईना, तो शेवटचा स तिच्या जिभेवर आला होता. तीन आठवड्यांनी 'माय ब्रदर क्राइज', 'माय मदर टाइज' आणि 'आय कुक' सगळं आपापल्या जागी बसलं. नियम एकदाही सांगावा लागला नाही.

जानेवारी २०२१ च्या अखेरीस पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, तेव्हाही ती फडावरच होती. एप्रिलमध्ये टोळी परतली तोवर तिचे १०४ निरोप झाले होते. फोन बदलला, पण ते मी जपून ठेवलेत.

आता सॉफ्टवेअरचं. २०१८ साली आमच्या शाळेनं लोकवर्गणीतून ४५ हजारांची लँग्वेज लॅब घेतली. त्या वर्गणीत ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतल्या शंभर-शंभरच्या नोटाही होत्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी विरोध केला. एक ज्येष्ठ सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, 'बाईंना तंत्रज्ञानाची भीती वाटते.' ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. लॅब आली. पडद्यावरची बाई वाक्य म्हणायची आणि चाळीस मुलं एका सुरात तिच्यामागं म्हणायची. कोरसमध्ये कोण गप्प आहे ते कळत नाही. ही मुलगी दोन वर्षं त्या पडद्यासमोर बसली होती, पण तिचा एकटीचा आवाज मी फडावरून आलेल्या निरोपात पहिल्यांदा ऐकला. तीन वर्षांनी परवाना संपला, नूतनीकरणाला पुन्हा पैसे मागितले गेले, विषय तिथंच थांबला. त्या सहकाऱ्यांना मी हे निरोप ऐकवले. 'ती मुळातच हुशार आहे,' म्हणाले. हुशार ती लॅब होती तेव्हाही होतीच की. मग तेव्हा का बोलली नाही?

पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन (२००० पासून) इतकी वर्षं झाली, तरी आपलं मूल सहावीत येईपर्यंत फक्त ऐकत आणि सुरात सूर मिसळत राहतं. बालभारतीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडनं दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ उघडतात, त्यातले काही चांगले आहेत, टीव्हीवर जरूर दाखवा. पण तिथंही मूल प्रेक्षकच. गूगलच्या रीड अलाँग या ॲपमध्ये मूल मोठ्यानं वाचायचं आणि ॲप ऐकायचं, गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट नसलं तरी चालायचं, म्हणून ते मला पटलं होतं.

उच्चारांसाठी फोनच्या कीबोर्डवरचा माइक वापरा. मूल बोलेल ते फोन लिहितो. मात्र एकेकच शब्द बोलायला लावा. अख्खं वाक्य बोललं की फोन मागचापुढचा संदर्भ धरून अंदाजानं बरोबर लिहितो आणि मुलाला वाटतं आपलं जमलं. 'शिप' म्हणायचंय आणि फोन 'शीप' लिहितोय, हे मुलानं स्वतः बघितलं की पुन्हा पुन्हा म्हणून बघतं. ह्रस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही, म्हणून हा घोटाळा होतो. मिळवणं या अर्थाचा 'गेट' आणि फाटक या अर्थाचा 'गेट' हेही आमच्या मुलांच्या तोंडी एकच. उलट 'झू' शिकवताना 'जहाज'मधला ज आठवून द्या, त्याच्या अगदी जवळचा आवाज मुलांकडे आधीच आहे. 'बॅट'मधला ॲ सुद्धा मराठीत रुळलेला आहे, त्यावर वेळ घालवू नका. तुम्हाला स्वतःला शंका आली तर केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश फुकट आहे, त्यात उच्चार ऐकता येतो. फोन चुकला म्हणजे मूल चुकलंच असं नाही, तेव्हा कान तुमचाच हवा.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सगळ्या मुलांचे निरोप रोज ऐकून उत्तर देणं होत नाही, मी पाच-सहा मुलांची रोजची पाळी लावली. आईबापांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, कारण फोन बहुधा वडिलांचा असतो आणि मुलगी रात्री त्यावर बोलतेय म्हटलं की घरात प्रश्न उठतात. मुलांचे आवाज शिक्षकांच्या गटावर कौतुकानंही टाकू नका. आणि हे सगळं बोलण्यापुरतं आहे. ती मुलगी छान बोलायला लागली, पण स्पेलिंगची वही मला पुढं दीड वर्ष तिच्याबरोबर बसून करून घ्यावी लागली.

ज्यांच्या घरी फोनच नाही ती मुलं मात्र त्या वर्षी माझ्या हातून सुटली. म्हणून ग्रामपंचायतीकडे दोन साधे स्मार्टफोन आणि वर्षभराचं रिचार्ज मागा, त्या मुलांना शाळेत पाळीनं बोलता येईल. तरी सॉफ्टवेअरवाला प्रात्यक्षिकाला आलाच, तर वर्गातल्या सगळ्यात गप्प मुलाला पुढं बसवा आणि विचारा, 'हा एकटा काय बोलला ते तुमचं यंत्र ऐकतं का, आणि त्याला उत्तर देतं का?' २०१८ च्या बैठकीत हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.