वाचकांचे प्रश्न : फिट्स आणि कीटो डाएट

प्रश्न : ताई, माझी मुलगी 5 वर्षांची आहे, दीड वर्षापासून फिट्स येतात. दोन औषधं झाली, आता तिसरं चालू आहे तरी दिवसातून चार-पाचदा मान खाली पडते आणि हातातली वाटी सुटते. डॉक्टर आता कीटो डाएट करू म्हणतायत. मिस्टर म्हणतात हे जिमवाल्यांचं खूळ, सासूबाई म्हणतात तूपच द्यायचंय ना, मग आपण घरीच चालू करू. काय करू?
– एक आई, धनकवडी, पुणे

उत्तर : मिस्टरांना सांगा की हे डाएट जिमवाल्यांच्या कितीतरी आधीचं आहे आणि ते निघालंच फिट्ससाठी. उपास केला की फिट्स कमी होतात हे लोकांनी फार पूर्वीच पाहिलं होतं, पण लेकराला किती दिवस उपाशी ठेवणार, म्हणून 1921 साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी असा आहार सुचवला की पोरगं जेवेल पण शरीर उपासासारखं चालेल, म्हणजे साखर-पिष्ट जवळजवळ बंद आणि लिव्हर फॅटपासून जे कीटोन बनवतं त्यावर मेंदू चालणार. पुढे नवीन गोळ्या आल्या, त्या द्यायला सोप्या, म्हणून हे मागे पडलं.

गुण किती येतो? 2008 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी 145 मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात 3 महिन्यांनी डाएटवाल्या मुलांपैकी 38 टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या, नुसत्या औषधांवरच्या मुलांत 6 टक्के. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण दोन औषधं नीट देऊनही फिट्स थांबत नसतील तर नुसत्या पुढच्या गोळीने थांबायची शक्यता कमीच असते, म्हणून मला तुमच्या डॉक्टरांचं पटतं.

सासूबाईंची माया कळते मला, पण घरी अजिबात चालू करू नका!! काही मुलांच्या शरीराला जन्मापासून फॅट जाळताच येत नाही, त्यांच्या हा आहार जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी रक्त-लघवीच्या तपासण्या. आणि हे नुसतं तूप वाढवणं नाही. पक्क्या प्रकारात 4 ग्रॅम फॅटला प्रोटीन आणि कार्ब (म्हणजे साखर-पिष्ट) मिळून 1 ग्रॅम, पनीर, अंडं, खोबरं, पालक सगळं डिजिटल काट्यावर मोजून, आणि वाटीला चिकटलेलं तूपसुद्धा पुसून तिच्या पोटात गेलं पाहिजे कारण तेही हिशोबात धरलेलं असतं. थोडा सैल प्रकार आहे, मॉडिफाइड अ‍ॅटकिन्स, त्यात दिवसाला साधारण 10 ते 20 ग्रॅम कार्ब चालतं. आपली एक पोळी खाल्ली की तेवढं संपलं.

खरी परीक्षा स्वयंपाकघराच्या बाहेर असते. आजोबांनी प्रेमाने दिलेला पेढ्याचा तुकडा, गणपतीत शेजारच्यांनी हातावर ठेवलेली खिरापत, शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं बिस्किट, खोकल्याचं गोड सिरप, एवढ्यानेही कीटोन खाली येतात आणि फिट परत येऊ शकते. म्हणून सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना आणि शाळेतल्या बाईंना समोर बसवून सांगा, हे एकट्या आईचं काम नाही. शाळेच्या बॅगेत एक चिठ्ठी ठेवा की मुलगी कीटोवर आहे, सलाइन लावायची वेळ आली तर ग्लुकोजचं लावण्याआधी तिच्या डॉक्टरांना फोन करा.

बद्धकोष्ठ, उलट्या, कधी मुतखडा, वाढ थोडी मंदावणं हे होऊ शकतं, त्यामुळे पाणी भरपूर, व्हिटॅमिन-कॅल्शियम न चुकता आणि वजन-उंचीची नोंद. निदान 3 महिने तरी नेटाने करून बघा. उपयोग झाला तर साधारण 2 वर्षं चालवतात, मग हळूहळू सोडवतात. फिट्सची वही मात्र आजपासूनच घाला.

प्रश्न : मुलाला एकाच गोळीवर वर्षभर फिट आलेली नाही. गोळी बंद करून डाएट करू का?
– एक बाबा, कोथरूड

उत्तर : नको. गोळी लागू पडली आहे तर या डाएटची त्याला गरजच नाही, आणि गोळी एकदम बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. कमी करायची का, कधी, हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारा.