आधी सी हॉकपाशी थांब

अनेक आशीर्वाद.

एअरक्राफ्ट मेंटेनन्सला प्रवेश मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. वर्ग सुरू होण्याआधी गोव्याला जाणारच आहेस, तर बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय बघून ये. सोमवारी बंद असतं. सकाळीच जा, विमानं उघड्यावर आहेत, दुपारचं ऊन उभं राहू देत नाही.

चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन लांबूनच तुला ओढून घेईल. एकेकाळी एअर इंडियाचे प्रवासी नेणारी ही विमानं वायुदलामार्फत १९७६ साली नौदलाकडे आली, समुद्रावर टेहळणी करायला. बघ ते मनसोक्त.

पण खरा वेळ सी हॉक या जुन्या लढाऊ जेट विमानाला दे. मागच्या बाजूला जाऊन जेटचं तोंड शोधशील, तर शेपटीच्या टोकाला ते सापडणार नाही. इंजिन एकच, पण त्याचा झोत दुभागून पंखांच्या मुळापाशी, धडाच्या दोन्ही अंगांनी बाहेर काढलाय. त्यामुळे झोताची नळी आखूड राहिली आणि मागच्या धडात इंधनाला जागा झाली. मग खाली वाक. शेपटीखाली हुक दिसेल. जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एक त्यात अडकली की विमान थांबायचं. १९७१च्या डिसेंबरात चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले करून परतलेली सी हॉक अशीच उतरली. तो हिसका हुकातून धडात कुठवर जात असेल, याचा तिथेच विचार कर. माझ्या मते स्ट्रक्चर्स शिकायला याहून चांगली सुरुवात नाही.

तिथून सी हॅरियरकडे जा. सी हॉकच्याच ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे व्हाइट टायगर्समध्ये, ते १९८३च्या अखेरीस आलं आणि २०१६पर्यंत उडलं. त्याला हुक नाही. का नाही, ते पाटी न वाचता शोध. दोन्ही बाजूंना मिळून चार नोझल, म्हणजे झोत बाहेर टाकणारी तोंडं, आहेत आणि ती फिरतात, एवढंच सांगतो.

आणखी एक. समुद्र जवळच आहे, वारा खारा. पत्र्याच्या जोडांशी, रिव्हेटांभोवती रंग फुगलाय का, पांढरी पूड दिसते का, ते नजरेनेच बघ. हात लावू नकोस. अ‍ॅल्युमिनियम गंजतं ते असं, आणि ते वेळेत ओळखणं हे उद्या तुझं काम असणार आहे. मला या विमानांची काळजी वाटते. विक्रांत २०१४ साली भंगारात गेली. तिच्यावरून उडालेली विमानं तरी टिकायला हवीत.

हॅरियरचं उत्तर आकृतीसह पाठव. फोटो नको, हाताने काढ.